गावच्या चित्रपट महोत्सवाची जाहिरात: टीझर, पोस्टर आणि भोंगा

धानशिवार (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमच्या गावात (ब्रह्मपुरी तालुका, वैनगंगेच्या अलीकडे) जानेवारीत तीन संध्याकाळी चित्रपट महोत्सव भरतोय. वाचनालय आणि गावातली पोरं मिळून करतात. जिल्हा परिषद शाळेचं मैदान, बांबूच्या चौकटीवर ताणलेला पडदा, पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या. लघुपट जास्त, दोन-तीन मोठे चित्रपट, एक संध्याकाळ माहितीपटांची. प्रवेश मोफत. मी तालुक्याला डीटीपी आणि डिझाइनचं काम करते, म्हणून पोस्टर, पत्रकं, बॅनर आणि छोटे व्हिडिओ हे सगळं माझ्याकडे आलंय.

समितीत दोन मतं आहेत. एका गटाला ड्रोनची दृश्यं, दणदणीत संगीत, महोत्सवाचं नाव इंग्रजीत मोठं आणि सोनेरी पानांची लॉरेल (महोत्सवांच्या पोस्टरवर असते ती पानांची कमान) हवी आहे. पुण्या-मुंबईच्या बरोबरीचं दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, आधी मैदानावर कोण बसणार ते बघावं. धान मळून मोकळी झालेली घरं, बचत गटाच्या बाया, आश्रमशाळेची पोरं, चौकात संध्याकाळी बसणारी म्हातारी माणसं. त्यांना काय आहे आणि कधी आहे हे कळायला हवंच, पण त्यांचा खरा प्रश्न वेगळा असतो: आपण तिथे गेलो तर चालेल का? 'ते शिकलेल्यायचं हाय' असं म्हणून माणूस घरी राहिला, तर माझं पोस्टर कितीही देखणं असो, त्याचा उपयोग काय?

तर या दोन्ही बाजू एका कामात कशा बसवायच्या? व्हिडिओ किती करावेत, किती लांबीचे, कोणत्या आकारात? छपाईत काय सांभाळावं? आणि खेड्यात लोकांपर्यंत पोचायचं कसं? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सविस्तर लिहा. वाचायला वेळ आहे माझ्याकडे.


चौकट_पंचवीस

ताई, मी मूळचा यवतमाळचा, पुण्यात संकलनाचं काम करतो. महोत्सवांची टीझर कापलेली आहेत. पहिली गोष्ट: एकच व्हिडिओ करून तो सगळीकडे फिरवू नका. तीन वेगळी कामं आहेत, त्यांचे तीन वेगळे व्हिडिओ लागतात.

पहिला, दिग्दर्शकांना चित्रपट पाठवायला बोलावणारा. तो शहरात बघितला जातो, त्याला इंग्रजी उपशीर्षकं द्या, आणि तिथे तुमच्या समितीची ड्रोनची हौस भागू द्या. दुसरा, गावातल्या लोकांच्या फोनवर जाणारा. तो उभा हवा, १०८० बाय १९२०. अर्ध्या-पाऊण मिनिटापेक्षा लांब नको, म्हणजे व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला तुकडे न करता बसतो. तिसरा, सिग्नेचर फिल्म, म्हणजे प्रत्येक चित्रपटाच्या आधी पडद्यावर येते ती. ती आडवी, १९२० बाय १०८०.

या तिसऱ्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथे सगळे घसरतात. लघुपटांच्या संध्याकाळी सिग्नेचर फिल्म एकाच रात्री पुन्हा पुन्हा दिसते. दीड मिनिटाची केलीत तर चौथ्या चित्रपटाच्या आधी पोरं ओरडायला लागतील. वीस सेकंद पुष्कळ. आणि ती संगीतावर टिकते, चित्रावर नाही. चांगली धून असेल तर दुसऱ्या दिवशी पोरं ती तोंडाने वाजवतात, आणि हीच सगळ्यात मोठी जाहिरात. गावातल्या दंडारीच्या (तुमच्याकडच्या लोकनाट्याच्या) मंडळींकडून वाजवून घ्या. त्यांना मानधन द्या आणि वापराची परवानगी कागदावर घ्या. चित्रपटातलं गाणं उचलून लावलंत तर यूट्यूबवर हक्काचा दावा लागतो आणि ऐन आठवड्यात व्हिडिओ अडकतो.

टीझरमध्ये निवडलेल्या चित्रपटांची दृश्यं घेणार असाल तर प्रत्येक दिग्दर्शकाची लेखी संमती हवी. चित्रपट पाठवायच्या अर्जातच एक ओळ टाका: प्रसिद्धीसाठी इतक्या सेकंदांपर्यंतचा भाग वापरू, मान्य आहे का. मागाहून एकेकाला फोन करण्यापेक्षा हे बरं.


झाडीचा_पडदा

ताई, मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकायच्या जाहिरातीचं काम करतो जी. तुमचं गाव आमच्याच रस्त्यावर येते. दोन गोष्टी सांगतो, मनावर घ्या.

एक म्हणजे तारीख. दिवाळीपासून होळीपर्यंत आपल्या भागात नाटकायचा हंगाम. वडशाच्या नाटक कंपन्या रोज रात्री कुठं ना कुठं असतातच. जिथं शंकरपट, म्हणजे बैलायची शर्यत, तिथं रात्री नाटक हमखास. तुमच्या तीन तारखांत आजूबाजूच्या गावायनं पट ठेवला असेल तर तुमच्याकडं कोणी येत नाही, पोस्टर कसंही करा. पयले वडशाला जाऊन बुकिंग ऑफिसातून त्या आठवड्याची यादी बघा, मग तारीख छापा.

दुसरं, आपल्या लोकायले नाटकाचं पत्रक वाचायची सवय हाय. हातात पडलं की बाई काय बघते? नाटकात कोण हाय, त्याचा फोटो, मग गाव, तारीख, वेळ. नाव मोठं, नट त्याहून मोठा. डिझाइनवाल्यायले ते गर्दीचं वाटते, सगळं भरलेलं. पण ती गर्दी लोकायले वाचता येते. तुम्ही पांढरी जागा सोडून मधात एक बारीक चिन्ह टाकलं तर ते औषधाची जाहिरात समजून ठेवून देतील. मी म्हणतो, तोंडं दाखवा. पडद्यावर जी माणसं दिसणार हाय त्यायचे चेहरे दाखवा.

आणि एक उपाय. नाटक रात्रभर चालते, मधात अंक पडतो. तेव्हा स्टेजवरून सूचना देतात, कोणाची गाडी रस्त्यात हाय, कोणाचं पोरगं हरवलं. दोन मिनिटं मागून घ्या. मंडळाच्या अध्यक्षाले भेटून बोललं तर नाही म्हणत नाहीत. हजार माणूस एका जागी, जागं, ऐकून राहिलेलं. असा भोंगा पैसे देऊन मिळत नाही.


आकाशझेप

मी ड्रोन चालवतो, लग्नं आणि शेतीचे सर्व्हे दोन्ही करतो, म्हणून समितीच्या त्या मताची बाजू मांडतो. गावाला आपलं गाव वरून कधी दिसलेलं नसतं. वैनगंगेचा पट्टा, धान कापल्यानंतरचे बांधांचे चौकोन, मामा (माजी मालगुजारी) तलाव. हे बघून गावकऱ्याची मान ताठ होते. 'आपल्यासाठी आहे का' या प्रश्नाचं उत्तर यातही मिळतं, कारण पडद्यावर त्याचंच शिवार असतं. फक्त पुण्या-मुंबईसाठी म्हणून ड्रोन बाजूला टाकू नका.

मात्र नियम सांभाळा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ड्रोनची नोंदणी लागते, आणि अडीचशे ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन सोडला तर धंद्यासाठी उडवायला प्रमाणपत्रधारक पायलट हवा. आकाशाचा हिरवा (मोकळा), पिवळा (परवानगीचा), लाल (मनाईचा) पट्टा सरकारच्या 'डिजिटल स्काय' संकेतस्थळाच्या नकाशावर बघा. जंगलाला लागून असाल तर वनविभागाला विचारल्याशिवाय उडवू नका. नदीपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात जाणार असाल तर पोलीस ठाण्यात आधी कळवून परवानगी घ्या. हे सगळं चित्रीकरणाच्या सकाळी करत बसण्याचं काम नाही.


धानशिवार

@आकाशझेप, मामा तलावाचा मुद्दा पटला. मी ड्रोनच्या विरोधात नाही, ड्रोनने सुरुवात करून माणूस कुठेच न दाखवणाऱ्या व्हिडिओच्या विरोधात आहे. तलावावरून येऊन कॅमेरा मैदानावर उतरावा आणि तिथे सतरंजी अंथरणारी बाई दिसावी, असं एक दृश्य घेऊ.

@झाडीचा_पडदा, भाऊ, अंकाच्या मधली सूचना ही गोष्ट सोन्यासारखी सांगितली. यादी बघायला वडशाला या आठवड्यातच जाते. चेहऱ्यांबद्दल तुमचं म्हणणं अगदी खरं. महोत्सवांच्या पोस्टरवर रिळ, क्लॅपबोर्ड, कॅमेऱ्याची भिंग हेच येत राहतं. त्यातली एकही वस्तू आमच्या मैदानावर कोणाला दिसणार नाही. आमच्या पोस्टरवर पडद्याकडे बघणाऱ्या बायांची रांग घेतेय, अंगावर पडद्याचा उजेड पडलेला, डोक्यावर पदर. मागच्या खेपेचा फोटो आहे, आणि त्यातल्या प्रत्येकीला विचारून परवानगी घेतली आहे. वर नाव मराठीत, टपोरं. शहरासाठीच्या पोस्टरवर इंग्रजी नाव दुय्यम आकारात.

आता एक अडचण. बॅनरवर शुभेच्छुकांचे फोटो. कृषी केंद्र, दवाखाना, दोन्ही बाजूंचे पुढारी. प्रत्येकाला आपला चेहरा हवा आहे आणि पैसे तर त्यांच्याकडूनच येणार. एवढे चेहरे आले की त्या बाया दिसायच्या कुठे?


जुनी_रिळं

धानशिवार ताई, तुमच्या धाग्यामुळे जुन्या जाहिराती आठवल्या. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. पुढे सुरतेला लोक येईनात. लांबलचक नाटकं थोड्या पैशांत बघायची सवय असलेला प्रेक्षक दीड तासाच्या खेळाला जास्त पैसे का देईल? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली की सत्तावन्न हजार छायाचित्रांचा हा खेळ आहे, चित्राची लांबी दोन मैल आहे, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत. लोक आले.

हे सांगायचं कारण, तुमच्याकडेही रात्रभर नाटक बघणारा प्रेक्षक आहे. १५ मिनिटांचा लघुपट म्हटलं की त्याला ते अर्धवट वाटणार. झाडीपट्टीच्या रंगभूमीने घडवलेला हा जाणकार प्रेक्षक आहे, याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्याला कमी लेखू नका आणि त्याच्या हिशेबाने बोला. 'एका संध्याकाळी सात गोष्टी' असं लिहा. मिनिटं लिहू नका.

दुसरी गोष्ट, कोल्हापूरला बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवायचे. ज्याने चित्र उभं केलं त्यानेच ते जगाला बोलावणारं पोस्टरही काढलं. तुमच्याकडे चित्र काढणारी पोरं असतील, शाळेतली असली तरी चालेल. एखादं तरी पोस्टर हाताने होऊ द्या.

आणि एक कायद्याचं. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेले लघुपट सार्वजनिकरीत्या दाखवणार असाल तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ खाली केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून महोत्सवाला सूट घ्यावी लागते. अर्जासोबत चित्रपटांची यादी द्यावी लागते. म्हणजे यादी पक्की होऊन सूट येईपर्यंत पत्रकावर चित्रपटांची नावं छापू नका. आधी फक्त तारीख, जागा आणि 'सात गोष्टी' असं पत्रक काढा, नावांचं वेळापत्रक नंतर.


कोरलवाला

मी अकोल्याकडचा, फ्लेक्स आणि ऑफसेट दोन्ही करतो. छपाईबद्दल सांगतो.

ताई, तुम्ही डीटीपीत आहात म्हणजे हे माहीत असेलच, तरी बाकीच्यांसाठी लिहितो. सगळ्यात जास्त नुकसान अक्षरांचं होतं. डिझाइन युनिकोडमध्ये केलेलं असतं, प्रेसवाल्याच्या कोरलची (कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती जुनी असते, फाइल उघडली की जोडाक्षरं फुटतात. 'प्रदर्शन'चं 'प्रदशर्न' होतं, 'वऱ्हाड'मधला र सुटा पडतो, वेलांटी भलत्या अक्षरावर जाते. आणि ते दहा फुटांच्या बॅनरवर चौकात लागतं. यासाठी फाइल पाठवताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट लागणार नाही अशा रेषाकृतींत, रूपांतरित करून पाठवा, सोबत एक पीडीएफ द्या आणि प्रेसवाल्याला सांगा की छापायच्या आधी दोन्ही शेजारी ठेवून बघ. फोटोशॉपमध्ये करत असाल तर टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय चालू करा, नाहीतर देवनागरी तिथेच तुटते.

फॉन्टसाठी पैसे घालवायची गरज नाही. मुक्त परवान्याचे मुक्ता, बलू, तिरो देवनागरी मराठी असे चांगले फॉन्ट आहेत. बलू लांबून वाचायला उत्तम, जाड आणि गोल. मुक्ता वेळापत्रकाच्या बारीक मजकुराला. मराठी वळणाचा ल आणि श येतो का तेही बघून घ्या, तिरोच्या मराठी आवृत्तीत तो आहे.

फ्लेक्सची फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत. फोनवर दिसणारा झगझगीत केशरी आणि पोपटी छपाईत मळकट येतो, तेव्हा आधी एक फूट बाय एक फूट तुकडा छापून उन्हात बघा. रिझोल्यूशनची फार चिंता नको, बॅनर लांबून बघायचा असतो, प्रत्यक्ष आकाराला ७२ ते १०० डीपीआय चालतं. हातात धरायच्या पत्रकाला मात्र ३०० हवं. कडेला दोन इंच मोकळं सोडा, आयलेट (दोरी ओवायच्या धातूच्या कड्या) तिथे बसतात, नाहीतर तारखेच्या आकड्यातच भोक पडतं. वारा लागणाऱ्या जागी बॅनरला अर्धचंद्राकार चिरा द्या.

शुभेच्छुकांच्या फोटोंबद्दल: आमच्याकडे रोजचंच आहे. उपाय एकच, स्वतंत्र बॅनर. मैदानाच्या दरवाजाशी 'शुभेच्छुक' म्हणून मोठा बॅनर, सगळ्यांचे फोटो एका आकाराचे, वर्णानुक्रमे. आत जाणारा प्रत्येक माणूस तो बघतो, हे त्यांना पटतं. गावोगावच्या पोस्टरवर फक्त खाली एका पट्टीत नावं, फोटो नाहीत. आणि हे पैसे घ्यायच्या आधी सांगा. कागदावर नमुना काढून दाखवा, प्रत्येकाला आपली जागा बोट ठेवून दिसली की वाद होत नाही.


उमेदवाली

मी बचत गटांचं काम करते, नागभीडकडे. बायांना बोलवायचं असेल तर पोस्टरवर तीन गोष्टी स्पष्ट लिहा: किती वाजता संपणार, परतीची गाडी आहे का, आणि बायांची बसायची जागा व संडासची सोय. यातलं काहीही महोत्सवांच्या पोस्टरवर नसतं.

ब्रह्मपुरी वनविभागात वाघाचं काय चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे. अंधार पडल्यावर एका गावाहून दुसऱ्या गावाला पायी कोणी जात नाही आणि जाऊही नये. शेजारच्या चार गावांतून बाया याव्यात असं वाटत असेल तर गाडी ठरवा. 'रात्री साडेनऊला परतीची गाडी, गावाच्या चौकापर्यंत' ही ओळ महोत्सवाच्या नावाच्या खालोखाल मोठ्या अक्षरात टाका. चित्रपट कितीही चांगला असला तरी ही ओळ नसेल तर सासू सुनेला पाठवणार नाही, आणि तिचं बरोबर आहे.

व्हिडिओबद्दल एवढंच. आमच्या गटाच्या ग्रुपवर व्हिडिओ येतो तेव्हा बऱ्याच जणी आवाज बंद ठेवून बघतात, घरात माणसं असतात म्हणून. तेव्हा तारीख-वेळ अक्षरांतही दिसू द्या. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाजातही. दोन्ही हवं. व्हिडिओत आमच्यातलीच एखादी बोलली तर सगळ्यात उत्तम. 'मी येऊन राहिली, तुम्ही पण या' एवढं म्हटलं की पुरे. तुमच्या गावच्या गटाच्या अध्यक्ष ताईंना विचारा.


मेळघाट_वाट

धारणीहून लिहितोय. आमच्याकडे कोरकू बोलणारी गावं आहेत. आरोग्य खात्याचे मराठी व्हिडिओ येतात, लोक बघतात आणि पुढे सरकतात. तोच मजकूर कोरकूत आला की फोन हातोहात फिरतो. तुमच्या भागात नदीपलीकडे धानोरा, कुरखेड्याकडे गोंडी बोलतात. तिकडून लोक यावेत असं वाटत असेल, किंवा यादीत एखादा गोंडी किंवा माडिया भाषेतला लघुपट असेल, तर भोंग्याची आणि स्टेटसची गोंडी आवृत्ती कराच. लिहायची झाली तर देवनागरीत लिहा, पण मुख्य काम आवाजाचं.

एक काळजी घ्या. मराठी मजकूर देऊन 'याचं गोंडी कर' असं सांगू नका. त्या माणसाला काय सांगायचंय ते तोंडी सांगा आणि त्याला त्याच्या पद्धतीने बोलू द्या. बाजारात उभं राहून तो शेजाऱ्याला जसं सांगेल तसंच रेकॉर्ड करा. मग दुसऱ्या एखाद्या गोंडी बोलणाऱ्याला ऐकवून वेळ आणि जागा नीट कळली का ते विचारा.


चौकट_पंचवीस

उमेदवाली ताईंचा मुद्दा माझ्या सगळ्या तांत्रिक सल्ल्यापेक्षा मोलाचा आहे. परतीच्या गाडीची ओळ टीझरच्या पहिल्या पाच सेकंदांत आणू, शेवटी नको.

चित्रीकरणासाठी दोन गोष्टी लिहून ठेवतो. फोनवर करणार असाल तर वेगळं अॅप टाकून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर एक पन्नासांश सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची. शटर जुळलं नाही तर गावातल्या ट्यूबलाइट आणि एलईडीखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात आणि ते नंतर नीट काढता येत नाहीत. दुसरं, बोलणाऱ्या ताईचा आवाज फोनच्या माइकवर लांबून घेऊ नका. दुसरा फोन तिच्या पदराखाली छातीजवळ ठेवा, त्यावर आवाज रेकॉर्ड करा, सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवता येतो.

आडवं चित्रीकरण करून नंतर उभं कापायचं असेल तर माणूस चौकटीच्या मधोमध ठेवा. आणि व्हॉट्सअॅपवर फिरवायची फाइल दहा-बारा एमबीच्या आत ठेवा. जंगलाकडच्या गावात नेटवर्क टेकडीवर मिळतं, मोठी फाइल कोणी उतरवून घेत नाही. प्रोजेक्टरवर चालवायची सिग्नेचर फिल्म मात्र कधीही व्हॉट्सअॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठवू नका, दाबून तिचा चोथा होतो. पेन ड्राइव्हवर न्या, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.


धानशिवार

सगळ्यांचे मनापासून आभार. समितीच्या बैठकीत हा धागा वाचून दाखवला. ठरलं ते लिहिते.

वडशाची यादी बघितली. आमच्या तीन तारखांपैकी शेवटच्या दिवशी दोन कोसांवर पट आणि नाटक होतं. म्हणून महोत्सव आठवड्याच्या मधल्या दिवसांवर आणलाय. त्या गावच्या नाट्यमंडळाशीही बोलणं झालं, आमच्या आधीच्या आठवड्यात त्यांचं एक नाटक आहे, त्यात अंकाच्या मध्ये दोन मिनिटं मिळाली आहेत. पोस्टर दोन तऱ्हेचं. गावासाठीच्या पोस्टरवर बायांची रांग, 'एका संध्याकाळी सात गोष्टी', आणि खाली ठळक पट्टीत परतीची गाडी. शुभेच्छुकांचा बॅनर वेगळा, दरवाजाशी. दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी नमुना बघून मान्य केलं. आठवडी बाजाराच्या रस्त्यावर एक भिंत मिळाली आहे, मालकाची परवानगी घेऊन गेरू आणि चुन्याने रंगवणार. तालुक्याला अजून एक जुना पेंटर काका आहेत, नाटकांचे पडदे रंगवायचे. त्यांच्या हातचा 'महोत्सव' हा शब्द कागदावर बघितला, 'हो'च्या मात्रेला त्यांनी दिलेला झोक कुठल्याही फॉन्टमध्ये नाही. तोच स्कॅन करून सगळ्या पोस्टरवर आणि सिग्नेचर फिल्मवर घेणार आहे. म्हणजे भिंतीवर आणि पडद्यावर एकच हात दिसेल.

सिग्नेचर फिल्ममध्ये पडदा ताणताना बांबू करकरतो तो आवाज, मग दंडारीचा ढोल, मग काकांचं अक्षर. वीस सेकंद.

आता भोंग्याचा मजकूर. ऑटोवरून बाजाराच्या दिवशी फिरवायचा, पोलीस ठाण्याची परवानगी घेतली आहे, आणि रात्री दहानंतर भोंगा बंद हा नियम आहेच. मजकूर असा लिहिलाय:

'ऐका हो ऐका! आपल्या शाळेच्या मैदानावर पडदा लागून राहिला. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, संध्याकाळी सहा वाजता. रोज सात गोष्टी पडद्यावर. शेतकऱ्यायच्या, पोरायच्या, बायायच्या, जंगलाच्या. पैसे लागत नाही. बायायसाठी पुढं वेगळी जागा. साडेनऊला खेळ संपला की गाडी तुमच्या चौकात सोडून देईल. घरून शाल घेऊन या, रात्री दहिवर पडते. म्हाताऱ्या माणसायसाठी खुर्ची हाय. लेकरं घेऊन या. आपला हाय, आपल्यासाठी हाय.'

यात काही सुटलं असेल तर सांगा.


झाडीचा_पडदा

मजकूर झकास जमला ताई. दोन दुरुस्त्या. ऑटो चालत असते, माणसाच्या कानावर मधलंच वाक्य पडते. वार आणि वेळ सुरुवातीले एकदा, आणि शेवटी पुन्हा एकदा घ्या. दुसरं, गाडी कोणत्या कोणत्या गावाले जाणार ती नावं बोला. आपल्या गावाचं नाव भोंग्यातून ऐकलं की माणूस थांबते. ज्या गावात ऑटो फिरते त्या गावाचं नाव पयलं, म्हणजे प्रत्येक गावासाठी वेगळं रेकॉर्डिंग करावं लागेल. जरा मेहनत हाय, पण करा. आवाज आमच्या कंपनीतला एक गडी देईल, नाटकाची जाहिरात तोच बोलते. मानधन तुम्ही आपसात ठरवा. मी त्याले उद्या सांगून ठेवतो.


मेळघाट_वाट

आणि गोंडी आवृत्ती?


धानशिवार

हो. धानोऱ्याकडची एक मुलगी आमच्या आश्रमशाळेत शिक्षिका आहे. मी तिला फक्त तोंडी सांगितलं काय आहे ते, तुम्ही म्हणालात तसं. ती म्हणाली, मी आईला फोन लावून आईला सांगते तसं बोलते, तेच रेकॉर्ड करा. रविवारी करतोय. @झाडीचा_पडदा, भाऊ, गावनिहाय रेकॉर्डिंगसाठी गावांची यादी व्यक्तिगत निरोपात पाठवते, तुमच्या गड्याला सोमवार जमेल का ते कळवा.


झाडीचा_पडदा

सोमवारी दुपारी जमते जी. रात्री त्याचं नाटक हाय, चारच्या आत मोकळा करा.